बादलीभर पाणी, ४ मिनिटं १० सेकंद

२० ऑक्टोबर २०२५, सोमवार (नरक चतुर्दशी)

पहाटे पाचला पहिली आंघोळ आईची, मग मुलीची, मग माझी. माझ्या वेळी पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. बायकोची पाळी येईपर्यंत ते बाथरूमच्या उंबऱ्याला टेकलं. वर तेलाचा तवंग, त्यात उटण्याचा गाळ आणि पायाखाली फोडलेल्या कारिटाच्या बिया तरंगताहेत. अभ्यंगस्नान झालं खरं, पण पाय परत धुवावे लागले.

आई म्हणाली, "मोरी तुंबली." बायको म्हणाली, "बाथरूम चोकअप झालंय." मी म्हणालो, "केस." आमच्या घरात मी केस म्हटलं की तो आरोप धरला जातो, कारण माझ्या डोक्यावर मोरी तुंबवण्याइतके आता उरलेले नाहीत. सणाच्या दिवशी वाद नको म्हणून विषय तिथेच सोडला.

ही वही मात्र सुरू केली. मागच्या वर्षी गिझरच्या भानगडीत कोणी, काय, कधी केलं यावर घरात तीन मतं झाली होती. या वेळी सगळं लिहून ठेवायचं.

पहिलं मोजमाप: १८ लिटरची बादली भरून एकदम ओतली आणि मोबाइलवर वेळ लावली. फरशीवरचं पाणी जाळीत जाईपर्यंत ४ मिनिटं १० सेकंद. यापुढचा प्रत्येक उपाय याच बादलीने मोजायचा.

दुसरं निरीक्षण: स्वयंपाकघरातलं सिंक आणि संडास ठीक आहेत. चौथ्या मजल्यावरचे लोक आंघोळ करतात तेव्हा डक्टमधल्या, म्हणजे इमारतीच्या पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतल्या, पाइपात पाणी कोसळल्याचा आवाज येतो, पण आमच्या जाळीतून काही वर येत नाही. म्हणजे उभी लाइन मोकळी आहे. जे काही अडकलंय ते आमच्या जाळीपासून डक्टपर्यंतच्या सहा-सात फुटांत.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. आज घाणीत हात घालायचा नाही, असं आईने सकाळीच बजावलं. केरसुणी लक्ष्मी असेल तर मोरी साफ करायची तार का नाही, हा माझा युक्तिवाद चालला नाही.

रात्री सगळे झोपल्यावर जाळी उघडली. दोन स्क्रू गंजलेले होते. त्यांवर खोबरेल तेलाचे थेंब टाकून अर्धा तास थांबलो, मग फिरले. जाळीखाली झुरळं येऊ नयेत म्हणून बसवलेली वाटी असते. तिच्याभोवती केसांचा जाड पुंजका गुंडाळलेला होता, राखाडी आणि बुळबुळीत. त्यात शिकेकाईचा चोथा, शाम्पूच्या पुडीचा फाडलेला कोपरा आणि दोन हेअरपिना. वर्तमानपत्रात गुंडाळून टाकला. टाकण्याआधी मोबाइलवर फोटो काढला. पुरावा.

बादली: ३ मिनिटं ५ सेकंद. सुधारणा आहे, पण एवढा पुंजका निघाल्यावर पाणी सुसाट जायला हवं होतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार (भाऊबीज)

ताई आली. ओवाळणी घेतली आणि उपायही देऊन गेली: खायचा सोडा टाक, वर व्हिनेगर ओत. फेस जोरात आला, मुलीने व्हिडिओ काढला. बादली: ३ मिनिटं. पाच सेकंद सोड्यामुळे गेले की माझ्या हाताच्या वेगामुळे, सांगता येणार नाही. सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांनाच संपवतात, फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो आणि मागे उरतं नुसतं खारट पाणी. ताईला हे सांगितलेलं नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

कोपऱ्यावरचं हार्डवेअरचं दुकान दिवाळीनंतर आज उघडलं. रबरी प्लंजर १६० रुपये. तीन मीटरची स्प्रिंग, म्हणजे टोकाला हूक आणि मागे फिरवायला मूठ असलेली, ३८० रुपये. दुकानदाराने पावडरची पुडीही पुढे सरकवली. घेतली. (ही चूक. पुढे येतेच.)

संध्याकाळी प्लंजर. पद्धत मला ठाऊक होती: रबर पाण्यात पूर्ण बुडलेलं हवं, आत हवा राहिली तर नुसती हवाच दाबली जाते. दहा-बारा जोरदार दणके दिले. अकराव्याला मागे वॉशबेसिनमधून काळं पाणी उसळलं आणि आरसा, टूथब्रशचा ग्लास, माझा शर्ट, सगळं न्हाऊन निघालं. आमच्या बेसिनचा पाइप खालून याच ट्रॅपला, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्याला, येऊन मिळतो, हे मी बारा वर्षं या घरात राहून आज शिकलो. दाब तुंबलेल्या बाजूला जाईलच कशाला, मोकळ्या वाटेने वर येणार. मग बेसिनच्या भोकात ओल्या फडक्याचा बोळा कोंबला, मुलीला तो दाबून धरायला लावला आणि पुन्हा दणके दिले. पाण्याबरोबर थोडे केस वर आले.

बादली: २ मिनिटं ४० सेकंद.

घाणीचा चिकटपणा बघून थोडं डोकं चाललं. आम्हाला सकाळी दोन तास महापालिकेचं पाणी असतं, नंतर बोअरचं. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर धरतो. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणायचे. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची क्रिया होऊन न विरघळणारी साय तयार होते. ती केसांना धरते, तिच्यावर तेल बसतं, तेलावर पुन्हा केस. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक १०५०० कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा म्हणतं, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. आमचं बोअर कधी तपासून घेतलेलं नाही. सोसायटीच्या सभेत विषय काढला की पार्किंगवर गाडी जाते.

२५ ऑक्टोबर, शनिवार

स्प्रिंग. जाळीतून आत सरकवत मूठ फिरवायची. केसांत हूक अडकतो तेव्हा हाताला मऊ लागतं, ओढल्यावर ताण येतो आणि मग काहीतरी सुटून येतं. असे तीन पुंजके निघाले. त्यांच्या पुढे, जाळीपासून साधारण ४५ सेंटिमीटरवर, हूक दर वेळी कशावर तरी आपटतो. टक. मऊ नाही, दगडासारखं. मूठ कितीही फिरवा, टक.

मी ठरवलं की हा पाइपाचा बेंड आहे, तिथे स्प्रिंग वळत नाहीये. बायको म्हणाली, "बेंड असेल तर मग पाणी का तुंबतंय?" मी म्हणालो, बेंडच्या पुढे केस असणार. फोटो दाखवला. ती काही बोलली नाही.

बादली: २ मिनिटं १५ सेकंद.

२६ ऑक्टोबर, रविवार

पुडीचा दिवस. आत कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. ते चरबीचा साबण करतं आणि केसही विरघळवतं. म्हणजे तत्त्व खोटं नाही. पुडीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: हातमोजे घाला, थोडी थोडी टाका, गरम पाणी घालू नका, आम्लाबरोबर वापरू नका. मी मोजे घातले, चष्मा लावला आणि अख्खी पुडी एकदम ओतली.

ट्रॅपमधल्या पाण्यात ती पडली. वाफ आली, पाणी चटका बसेल इतकं तापलं आणि पावडरचा तळाशी गोळा झाला. अर्ध्या तासाने बादली ओतली: ५ मिनिटं ३० सेकंद. सुरुवात केली त्याहून वाईट.

एवढ्यात आई फरशी धुवायच्या ऍसिडची बाटली घेऊन दारात. "जरा हे टाक, सगळं सुटेल." मी ओरडलोच. कॉस्टिकवर ऍसिड पडलं की दोघांच्या भांडणात इतकी उष्णता निघते की पाणी उसळून तोंडावर येऊ शकतं. तेच ऍसिड ब्लीचिंगच्या पाण्यात पडलं तर क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा. आईला ओरडल्याचं वाईट वाटलं, संध्याकाळी माफी मागितली. तिचं उत्तर: "मग पुडी तरी कशाला आणलीस?"

गोळा विरघळेपर्यंत मगाने हळूहळू गार पाणी सोडत बसलो. रात्री दहापर्यंत.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी सात वाजता खालच्या काकू दारात. "अरे, माझ्या न्हाणीघरात वरून ठिबकतंय. काळं काळं. काय चालवलंयस काय तू?"

खाली गेलो. आमची इमारत १९८८ ची. या काळातल्या बऱ्याच इमारतींत बाथरूमचा ट्रॅप स्लॅबमध्ये गाडलेला असतो आणि त्याचा पाइप खालच्या घराच्या छताला टांगलेला असतो. म्हणजे माझ्या बाथरूमची लाइन माझ्या घरात नाहीच, ती काकूंच्या डोक्यावर आहे. त्यांनी ती दिसू नये म्हणून पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग लावलंय. एका पट्टीच्या सांध्यातून थेंब पडत होते.

पट्टी सरकवून टॉर्च मारला. स्लॅबमधून आलेलं तोंड जुन्या बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, त्याला पुढे ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी बेंड आणि पाइप. बीड आणि पीव्हीसीच्या जोडातून गळत होतं. माझे प्लंजरचे दणके त्या जोडाने सोसले नसणार. आणि ठिबकणाऱ्या पाण्यात कालचं कॉस्टिक असू शकतं, म्हणून काकूंना खाली उभं राहू नका म्हणालो आणि जुनं प्लास्टिकचं घमेलं लावून ठेवलं.

आजपासून आमच्याकडे प्रत्येकी अर्धी बादली आंघोळ.

२८ ते ३१ ऑक्टोबर

प्लंबर गावाला. दुसरा प्लंबरही गावाला. तिसऱ्याने फोन उचलून "तुळशीच्या लग्नानंतर बघू" म्हणून सांगितलं. काकूंकडे रोज सकाळ-संध्याकाळ घमेलं रिकामं करायला जातो. बुधवारी चहा मिळाला, गुरुवारी चकलीही. शुक्रवारी पहिला प्लंबर परत आला, उद्या येतो म्हणाला.

१ नोव्हेंबर, शनिवार

प्लंबर मामा दहाला आले. साठीचे असतील, बरोबर एक पोरगा. आधी विचारलं, "काय काय टाकलंय आत?" हा प्रश्न मला फार आवडला. सोडा, व्हिनेगर, कॉस्टिक, सगळं कबूल केलं. त्यांनी पोराला मोजे आणि चष्मा घालायला लावला, वरून चार बादल्या पाणी हळूहळू सोडायला सांगितलं आणि मगच स्टूलवर चढले.

व्यवस्था अशी: वर बायको, हातात बादली, फोन स्पीकरवर. खाली मी, टॉर्च धरून. काकू दारात.

बेंडला दार असतं, डोअर बेंड म्हणतात त्याला. चोकअप काढायलाच ते दिलेलं असतं, पण ते खालच्याच्या घरात उघडतं म्हणून वरच्याला त्याचा पत्ता नसतो. मामांनी दार उघडलं. काळं पाणी घमेल्यात पडलं आणि थोडे केस. थोडेच. मुठीत मावतील इतके. मग त्यांनी आत बोट घातलं, खरवडलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. पांढरं.

"साहेब, टाइल्स कधी बदलल्या?"

"मे महिन्यात."

"गवंड्याने ट्रॅपला गोणपाट कोंबलं नव्हतं?"

कोंबलं होतं. प्लास्टिकची पिशवी, वर गोणपाट, घट्ट. गवंडी बजावून गेला होता की ग्राउटचं, म्हणजे टाइलच्या फटींत भरायच्या सिमेंटचं, धुणं बादलीत भरून बाहेर टाकायचं, गोणपाट मी उद्या येऊन काढीन. त्या संध्याकाळी नवी फरशी चमकताना बघायची मला घाई झाली होती. गोणपाट मीच उपटलं आणि पाइप लावून फरशी धुतली. दुधासारखं पाणी कसं झरझर ढाळाने जाळीत जातंय, हे मी कौतुकाने बघत उभा होतो. ढाळ चांगला निघालाय असं घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं.

हे मी मामांना सांगितलं. फोन स्पीकरवर होता.

वरून काही सेकंद आवाज नाही. मग बायको म्हणाली, "बादली ओतू का?"

मामांनी समजावलं ते असं. ट्रॅपमध्ये कायम दोनेक इंच पाणी उभं असतं, त्यानेच गटाराचा वास वर येत नाही. सिमेंट वाळल्यामुळे घट्ट होत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होतं. म्हणून पाण्याखालीही बसतं, उलट छान बसतं. जे ग्राउट ट्रॅपच्या पोटात थांबलं ते तिथे जमलं, जे पुढे गेलं ते बेंडच्या वळणावर. तीन इंची पाइपात जेमतेम सव्वा इंचाची वाट उरली होती आणि तिचा पृष्ठभाग खरखरीत, किसणीसारखा. केस त्याला अडकले. सहा महिने. दिवाळीचं तेल आणि उटणं हे फक्त शेवटचं निमित्त.

४५ सेंटिमीटरवरचं टक ते हेच. बायको म्हणाली होती त्यात तथ्य होतं.

बेंड कापून नवा टाकायचा, यात फार काही नव्हतं. खरी भीती ट्रॅपची. तो बिडाचा आणि बीड ठिसूळ. छिन्नी जोरात बसली तर तडा जाणार, आणि मग नवी फरशी, कोबा, वॉटरप्रूफिंग सगळं फोडून नवा ट्रॅप बसवावा लागणार. मी विचारलं, ऍसिडने विरघळेल का? मामा म्हणाले, सिमेंटला ऍसिड खातं, पण बिडालाही खातं. आणि तुम्ही आठवड्यापूर्वीच कॉस्टिक ओतलंय, ते कुठल्या खाचेत बसलंय मला माहीत नाही. हाताने काढू.

मग एक तास वीस मिनिटं त्यांनी नुसतं टकटक केलं. खालून लांब छिन्नी, वरून टोक वाकवलेली सळई. हातोडी इतकी हलकी की सोनाराकडे बसल्यासारखं वाटावं. दर दहा-बारा ठोक्यांनी थांबून बोटाने चाचपायचे. कपच्या करवंटीच्या तुकड्यांसारख्या निघत होत्या, एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने केस चिकटलेल्या. शेवटी बोटभर जाडीचा एक तुकडा निघाला. त्यात टाइलच्या मधे लावायचा प्लास्टिकचा छोटा अधिक चिन्हाचा स्पेसर रुतलेला होता. एका बाजूला पातळ थर राहिला आहे. "तो राहू दे," मामा म्हणाले, "त्याच्या मागे लागलो तर ट्रॅप जाईल." मलाही पटलं.

नवा डोअर बेंड. पीव्हीसीच्या बाजूला सॉल्व्हंट, बिडाच्या बाजूला सुतळी ठासून वरून एम-सील. रात्रभर पाणी बंद. आंघोळीला कोणी विचारू नये.

खर्च: मजुरी १५००, बेंड आणि बाकी सामान ४२०. आधी मी उडवलेले प्लंजर, स्प्रिंग, पुडी मिळून ६२०.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी आठ. खाली काकू टॉर्च घेऊन, वर मी बादली घेऊन. जोड कोरडा.

बादली: २१ सेकंद.

विश्वास बसेना म्हणून तीनदा ओतली. २१, २२, २१. पाणी जाळीत जाताना भोवरा होतो आणि शेवटी घोट घेतल्यासारखा आवाज येतो. हा आवाज मेपासून आलाच नव्हता, हे आज लक्षात आलं.

काकूंच्या सीलिंगची एक पट्टी डागाळली आहे. बदलून देतो म्हणालो. "पट्टी दे," त्या म्हणाल्या, "आणि ते दार आता झाकू नकोस. तिथे उघडता येईल असं काहीतरी कर." खरंय. त्या जागी दोन स्क्रूंवर निघणारा तुकडा बसवणार.

९ नोव्हेंबर, रविवार

काकूंची पट्टी झाली. आमच्या जाळीवर बारीक भोकांची स्टीलची चाळणी ठेवली, सिंकमध्ये ठेवतात तशी. ६० रुपये. आंघोळ झाली की चाळणीतले केस ज्याने त्याने कचऱ्यात टाकायचे, असा नियम मी मांडला. नियम मांडायचा अधिकार मला आहे का, यावर मुलीने शंका घेतली. नियम बायकोने मांडला, मग मंजूर झाला.

कापलेला जुना बेंड मामा भंगारात नेणार होते, बायकोने ठेवून घेतला. धुऊन, वाळवून बाल्कनीतल्या फळीवर. समोरून बघितलं की बाहेर गुळगुळीत राखाडी पाइप दिसतो आणि आत पांढरं सिमेंट, मधे वेडंवाकडं भोक. केसांचा विषय निघाला की ती काही बोलत नाही, नुसती बाल्कनीकडे बघते.

मोबाइलमधला पुंजक्याचा फोटो काढून टाकला.

१४ डिसेंबर, रविवार

थंडी पडली. खोबरेल तेल बाटलीत गोठलंय. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणजे पाइपातही गोठत असणार, अशी शंका येऊन बादली लावली: २९ सेकंद. जाळी काढली. ट्रॅपच्या कडेला राहिलेल्या त्या सिमेंटच्या थरावर लोण्यासारखं पांढरं धरलं होतं. गिझरचं पाणी, हात घालता येईल इतपतच गरम, दोन बादल्या हळू ओतलं. उकळतं नाही: खाली पीव्हीसी आहे आणि ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. जुन्या टूथब्रशने थर घासला.

बादली: २३ सेकंद. तेल लावून आंघोळ असेल त्या दिवशी शेवटची अर्धी बादली गरम सोडायची, असं चाळणीजवळच्या टाइलवर मुलीने मार्करने लिहिलंय. मार्कर पक्का निघाला.